वहीतलं खेडं कुणाचं?



आज पिकाचं नाही, पोरांच्या चित्रकलेच्या वहीचं बोलायचंय. कोणत्याही शाळेत 'खेड्याचं दृश्य' काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधनं सूर्य, खाली नदी, कडंला नारळ. आपल्या कासुर्डीत असलं गाव कुणी दाखवावं! इथं ऊस आहे, कालवा आहे, गुऱ्हाळाचा धूर आहे, तोडकऱ्यांच्या कोप्या आहेत. यातलं एक वहीत येत नाही.

नेदरलँड आपल्याला पॉलिहाऊस अन् जरबेऱ्यामुळं ठाऊक. पण त्या लोकांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी स्वतःचा सपाट मुलूख आहे तसा काढला. रॉइसडाल नावाच्या चित्रकाराची हार्लेमची चित्रं बघा. डोंगर नाहीच, मग निम्म्याहून जास्त कागद ढगांना दिला, अन् खाली शिवारात उन्हाला पसरलेलं कापड. पुढं 1885 साली व्हॅन गॉगनं न्यूनेन गावात 'बटाटे खाणारे' रंगवलं. पाच माणसं, एक दिवा, हाडं दिसणारे हात. त्यासाठी आधी गावातल्या कष्टकऱ्यांचे चेहरे किती तरी वेळा काढले. ज्या हातांनी जमीन उकरली तेच हात ताटात आहेत, हे दिसावं असा त्याचा हट्ट. त्याच्या चित्रकार मित्रानंच चित्राला नावं ठेवली. ठेवू द्या.

आपल्याकडं असं कुणी नव्हतं असं नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थावर बसून समोरचं बघून रंगवायचे. मग शाळेत नारळ कुठनं आला?

कुणी म्हणंल, पोरांचं चित्र, त्यात काय एवढं? न बघता काढायची सवय लागली की पोरगं उद्या उसाचं पानही उलटून बघत नाही. लोकरी मावा पानाच्या खालच्या अंगाला असतो, वरनं फोटो काढून सापडत नाही. शेतावर येणाऱ्या नव्या कृषी पदवीधरांनीही हे मनावर घ्यावं.

अन् जाहिरातीतला शेतकरी बघा. पांढरंधोट धोतर, फेटा, हसतोय. खुरपणारी बाई कुठंय? मोळी उचलणारी कुठंय? आपल्या नावानं योजना आखणारेही हेच चित्र काढत मोठे झालेत. त्यांच्या डोक्यातल्या खेड्यात उसाचं थकलेलं बिल बसत नाही.

चित्रकलेच्या सरांना एकच विनंती. एक तास पोरांना वर्गातनं उठवा, कालव्यावर न्या, समोर दिसंल ते काढू द्या. नारळ दिसलाच तर नारळ काढा.