अंगठ्याचं माप

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी एक तरी गाडी किंचाळते. चावी फिरवली की ‘कीऽऽ’, वॉचमनसकट सगळ्यांच्या माना वळतात, आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत आवाज बंद. आवाज बंद, म्हणून मालकही विसरतो. गाडी जुनी मारुती ८०० असली, तर मी पाने घेऊन खाली उतरतो. १९८३ ते २०१४ एवढा काळ निघालेली ही गाडी घरच्या माणसाला अजून हात घालू देते.

ओरडतो तो फॅनबेल्ट. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून निघून तो अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवतो. स्टार्टरने बॅटरी नुकतीच उपसलेली, त्यात दिवे, वायपर, ब्लोअर सुरू. अल्टरनेटर एकदम जड होतो. बेल्ट ओला आणि ढिला असला की पुलीवर घसरतो. बॅटरी जराशी भरली, बेल्ट वाळला की ओरडणं थांबतं, ढिलेपणा राहतोच. मग कधी चार्जिंग कमी पडतं, कधी घाट चढताना इंजिन तापतं.

काम सोपं आहे. इंजिन गार होऊ द्यायचं आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत चावी काढल्यावरही करंट असतो. तिथे पाना बॉडीला टेकला तर ठिणगीच. मग बेल्ट पिळून आतली बाजू बघायची. भेगा पडल्या असतील, तेल लागलं असेल, कडा काचेसारख्या चकाकत असतील, तर ताणत बसू नये, नवा घालावा. ठीक असेल तर अल्टरनेटर ज्या बोल्टवर झुलतो तो आणि खाचेच्या पट्टीतला, असे दोन्ही बोल्ट ढिले करायचे. मध्ये लाकडी दांडा घालून अल्टरनेटर इंजिनापासून लांब रेटायचा आणि तसाच धरून बोल्ट आवळायचे. टॉमी घालून मागच्या बाजूने रेटू नये. ती खोळ ॲल्युमिनियमची, तडकते.

खरा प्रश्न पुढे येतो: ताणायचा किती? दोन पुलींमधल्या लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने साधारण १० किलोचा जोर द्यायचा आणि बेल्ट किती दबतो ते बघायचं. लहान गाड्यांत ६ ते ९ मिलिमीटर, टप्पा लांब असेल तर १० ते १२. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. अंगठ्याला १० किलो कसे कळणार? घरातल्या वजनकाट्यावर दाबून बघा. दोनचारदा दाबलं की अंदाज बसतो.

“अजून थोडा ओढा की, परत कटकट नको,” शेजारचे काका दर वेळी म्हणतात. माझा हात नेमका इथे थांबतो. बेल्टची पकड नुसत्या ताणावर नसते. त्याच्या कडा तिरक्या असतात आणि तो पुलीच्या व्ही खाचेत पाचरीसारखा रुततो. त्यामुळे तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या जवळपास तिप्पट घर्षण मिळतं. बेल्ट खाचेच्या तळाला टेकला असेल, म्हणजे झिजला असेल, तर मात्र पाचर उरत नाही आणि कितीही ताणा, तो घसरतोच.

जास्त ताणलेला बेल्ट स्वतः काही बोलत नाही. तो अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग एका बाजूला सतत ओढत राहतो. काही महिन्यांनी घरघर सुरू होते, पंपाच्या सीलमधून पाणी ठिबकतं. तेव्हा पंपाला शिव्या बसतात, बेल्टची आठवण कुणालाच येत नाही. ढिला बेल्ट ओरडून पाच मिनिटांचं काम सांगतो. घट्ट बेल्ट गुपचूप पंपाचा खर्च आणतो. दोन्हींतून निवडायचंच झालं, तर मला ओरडणारा परवडला.

म्हणूनच बेल्टला साबण किंवा मेण चोळायची युक्ती मला पटत नाही. तिने फक्त आपले कान शांत होतात. नवा बेल्ट मात्र सुरुवातीला थोडा सैलावतो. काही दिवस गाडी चालवून पुन्हा अंगठा लावावाच लागतो.

आता बहुतेक गाड्यांत रिब असलेला रुंद बेल्ट आणि स्प्रिंगचा टेन्शनर असतो. ताण तो आपला आपण सांभाळतो, तिथे दांडा घालू नये. कव्हरच्या आड असलेल्या टायमिंग बेल्टला तर घरी हातच लावू नये. त्याचा एक दात चुकला तरी इंजिनाचा मेळ बिघडतो. आणि गॅरेजमध्ये कुणी “एकदम टाइट करून देतो साहेब” म्हणालं, तर त्याला थांबवा. आधी अंगठ्याने दाबून दाखव म्हणा.