वस्तू विकावी, भीड विकू नये

रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत तिथल्या घरांत हळदीकुंकवाची लगबग असते. अशाच एका घरी दुपारी आठ-दहा जणी जमतात. कुंकू लागते, तिळगूळ मिळतो, वाण हाती पडते. बायका उठायच्या बेतात असतानाच घरची वहिनी म्हणते, "बसा गं दहा मिनिटं. आमच्या वन्संनी काही नव्या वस्तू आणल्यात, नुसत्या बघून जा."

दहा मिनिटांचा एक तास होतो. डबे, क्रीमच्या बाटल्या, बिनतेलाची कढई असे सगळे सतरंजीवर मांडले जाते. मग वही उघडून वन्सं एकेकीला विचारतात, "काकू, तुमच्यासाठी काय लिहू?" कोपऱ्यात बसलेल्या काकूंच्या घरी महिनाअखेरीची ओढाताण आहे. पण शेजारणीने घेतले, समोरचीने घेतले, आता आपणच कसे नाही म्हणायचे? त्या बाराशे रुपयांचा संच लिहून देतात. घरी गेल्यावर तो कपाटावर जातो, आणि पुढच्या वर्षी हळदीकुंकवाचे बोलावणे आले की काकूंचे नेमके त्याच दिवशी डोके दुखते.

वन्संना वाटते, बाराशेची विक्री झाली. खरे तर त्या दिवशी एक घर तुटले. "भीड भिकेची बहीण" ही म्हण सहसा भिडेला बळी पडणाऱ्याला ऐकवली जाते. घरगुती विक्री करणाऱ्या बाईनेही ती लक्षात ठेवायला हवी, कारण भिडेवर चाललेला धंदा ओळखीची घरे संपली की संपतो.

मुळात होते ते दाखवणे

घरी चार बायका जमवून माल विकण्याची ही पद्धत गाजली अमेरिकेत. अर्ल टपर यांनी काढलेले प्लॅस्टिकचे डबे दुकानांत पडून राहत. झाकण दाबून आतली हवा कशी काढायची, हेच गिऱ्हाइकाला कळत नसे. ब्राउनी वाइज यांच्यासारख्या विक्रेत्यांनी ते बायकांच्या घरी जाऊन करून दाखवले आणि डबे खपू लागले. १९५१ साली कंपनीने दुकानातली विक्री बंद करून घरगुती मेळाव्यांवरच भर दिला. ही कंपनी १९९६ मध्ये भारतात आली. त्याच सुमारास इतरही देशी-परदेशी कंपन्या सौंदर्यप्रसाधने आणि घरगुती वस्तू घेऊन उतरल्या. नोकरीसाठी घराबाहेर पडता न येणाऱ्या अनेक गृहिणींना त्यातून स्वतःच्या हक्काचे चार पैसे मिळाले. या कामात कमीपणा मुळीच नाही. पण वस्तू दाखवून पटवणे वेगळे आणि माणसाला कोपऱ्यात गाठणे वेगळे.

बोलावण्यातच सांगावे

पहिला नियम बोलावण्याचा. वस्तू दाखवायच्या असतील तर तसे आधीच स्पष्ट सांगावे, म्हणजे ज्यांना घ्यायचे नाही त्यांना न येण्याची मोकळीक राहते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम लागू केले. त्यांनुसार विक्रेत्याने कुणी विचारण्याची वाट न पाहता आपले नाव, कंपनीचे नाव, मालाचे स्वरूप आणि येण्याचा हेतू सुरुवातीलाच सांगायचा असतो. ओळखपत्राशिवाय किंवा आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नसते. नणंद-भावजयीच्या नात्यात ओळखपत्र कुठले, असे वाटेल. पण हेतू लपवू नये, ही गोष्ट नात्यातही तितकीच खरी.

हळदीकुंकवाला तर माल काढूच नये. तो दिवस वाण लुटण्याचा. लुटायला बोलावलेल्या घरात विक्रीची वही उघडली की वाणाचाही मोबदला मागितल्यासारखे होते. त्यासाठी वेगळी दुपार ठरवावी. किटी पार्टीतही आधी सगळ्यांना विचारावे.

यजमानीण विक्रेती नव्हे

जिच्या घरी बायका जमतात, तिला बहुधा विक्रीच्या प्रमाणात भेटवस्तू मिळते. ही गोष्ट पाहुण्यांना मोकळेपणाने सांगावी. मागाहून कळले तर "आमच्या जिवावर डबा मिळवला" असा सल राहतो. "घे गं, आपल्यातलीच आहे" असा आग्रह यजमानणीकडून करवून घेऊ नये. तिने घर दिले, चहा-पोहे दिले, एवढे पुष्कळ झाले.

माहिती द्यावी ती पूर्ण. किंमत, हमी, माल परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत आणि बिघडल्यास दुरुस्ती कोण करणार, हे सगळे नियमांनुसारही सांगावेच लागते. कंपनीने जो दावा केलेला नाही, तो आपल्या पदरचा घालू नये. पूरक आहाराच्या डब्यांबाबत हे विशेष जपावे. "माझ्या जावेची साखर याने गेली" असे बोलणे सहज तोंडून निघते, आणि ऐकणारी एखादी मावशी डॉक्टरांची गोळी बंद करते. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तोंडी केलेली जाहिरातही त्यात येते.

वही सर्वांसमोर नको

मागणी घेताना वर्तुळात एकेकीला विचारत जाऊ नये. माहितीपत्रके द्यावीत, आपला फोन नंबर द्यावा आणि म्हणावे, "घरी जाऊन विचार करा. हवे असेल तर दोन दिवसांत कळवा." यात काही मागण्या हुकतील. पण ज्या येतील त्या मनापासून येतील, आणि ती गिऱ्हाइके पुन्हा येतील. व्हॉट्सॲपच्या गटावरही "कोणी कोणी घेतले" अशी यादी टाकू नये. ज्यांची नावे नाहीत, त्या ती यादी जास्त बारकाईने वाचतात.

माल पोचवताना पावती द्यावी. तक्रार आली तर फोन उचलावा. घरोघर फिरणारा कासार बांगडी भरताना फुटली तर तिचे पैसे मागत नसे. म्हणूनच सासूच्या हातात बांगड्या भरणारा कासार पुढे सुनेच्याही हातात भरायला यायचा.

सभासद करण्याची घाई

विक्रीपेक्षा जास्त नाती बिघडतात ती "तूही सभासद हो, तुझ्या खाली चार जणी आण" या आग्रहाने. मालाच्या विक्रीवर नव्हे, तर नुसती माणसे जोडण्यावर पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना २०२१ च्या नियमांनी बंदी आहे. पैशांच्या साखळी योजनांवर तर १९७८ च्या कायद्यानेच बंदी आली. सभासद होण्यासाठी प्रवेश शुल्क मागितले, तर तिथेच थांबावे. "मैत्रिणींची नावे दे, तुझे पैसे वसूल होतील" असे सांगून माल खपवणेही नियमांत बसत नाही. कुणाला खरोखर हे काम करायचे असेल तर तिला लेखी करार आधी घरी नेऊन वाचू द्यावा.

पाहुण्यांनीही थोडे धीट व्हावे. "वस्तू छान आहे, पण या महिन्यात नको" एवढे हसून म्हणता यायला हवे. फसवणूक झाली आणि विक्रेती किंवा कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

मात्र तात्यापाऱ्यातल्या काकू हेल्पलाइनला कधीच फोन करणार नाहीत. त्या फक्त येणे बंद करतील. त्यांना परत आणायचे असेल तर वन्संनी एकदा त्यांच्याकडे जावे. पिशवी न घेता. संच वापरलेला नसेल तर परत घ्यावा, पैसे द्यावेत आणि चहा घेऊन यावे. पुढच्या संक्रांतीला काकू तिळगुळाला आल्या, तर बाराशे रुपये वाया गेले नाहीत असे समजावे.