कलाशाळेचा अर्ज आणि सीमेवरचे मराठी मूल

बारावीचा निकाल लागला की इच्छापूर, शाहपूर, दापोरा या आमच्या पट्ट्यातील पालक शाळेत येतात. मुलगा गणितात बरा असेल तर इंजिनिअरिंग, मुलगी असेल तर बी.एड. किंवा नर्सिंग, हे त्यांनी घरूनच ठरवून आणलेले असते. "सर, पोरीचा हात चांगला आहे, तिला चित्रकलेला कुठे घालावे?" असे विचारणारा पालक वर्षातून एखादाच भेटतो. तोही बहुधा जुलै महिन्यात, म्हणजे दारे बंद झाल्यावर.

दोन वर्षांपूर्वी मात्र पावरलूमवर काम करणारे एक गृहस्थ वेळेवर आले. मुलीने मुंबईच्या कलाशाळेचे स्वप्न पाहिले होते. आम्ही दोघे तिच्याबरोबर अर्ज भरायला बसलो. उमेदवारीच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला. नियमाप्रमाणे ती 'महाराष्ट्राबाहेरील' ठरत होती. तिने विचारले, "सर, आपण घरी मराठी बोलतो, मग आपण बाहेरचे कसे?" तीस वर्षे मास्तरकी करूनही मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. ते आज येथे देतो.

महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश-नियम उमेदवाराची भाषा पाहत नाहीत. दहावी-बारावी कोठून केली आणि रहिवास कोठला, एवढेच पाहतात. याला एक अपवाद आहे. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्राचे उमेदवार मानले जाते. त्या गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, म्हणून ती सवलत आहे. आमच्या गावांवर असा दावा नाही आणि आमचे कोणाशी भांडणही नाही. पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत रेषेच्या या बाजूला राहिलेल्या मराठी घरांतील मुलांसाठी कलाशिक्षणाच्या थोड्या जागा राखाव्यात, ही मागणी रास्तच आहे. समिती ती करीत राहील. परंतु मागणीला वर्षे लागतात आणि मुलाचे वर्ष थांबत नाही. म्हणून आपल्या हातात जे आहे त्याचा आधी विचार करू.

पहिली गोष्ट, पुणे-मुंबईपलीकडेही दारे आहेत आणि ती परक्यांची नाहीत. इंदूरची कलाशाळा १९२७ साली दत्तात्रेय दामोदर देवळालीकर या मराठी माणसाने उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे तेथे शिकले, मकबूल फिदा हुसेन तेथे शिकले, आपल्या निमाडातील महेश्वरचे देवकृष्ण जटाशंकर जोशी तेथेच शिकले. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने निघाले. खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ चे. आज ते छत्तीसगडात आहे. ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे संगीत व कला विद्यापीठ २००८ मध्ये झाले, तर भोपाळचे मध्यप्रदेश नाट्य विद्यालय २०११ मध्ये. इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ येथे आपले मूल राज्यातलेच उमेदवार असते. मराठी माणसांनी घडविलेल्या शाळा आपल्याच राज्यात असताना त्यांची नावेही आपल्या मुलांना ठाऊक नसावीत, याचा दोष आम्हा शिक्षकांकडेही येतो.

दुसरी गोष्ट तयारीची. महाराष्ट्रातील मुले शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव त्यांना आठवी-नववीतच होतो. तिकडच्या दृश्यकलेच्या प्रवेश परीक्षेतही हेच विषय येतात. आमच्याकडे तो सराव नाही, म्हणून मूल कच्चे वाटते. यावर उपाय साधा आहे. आठवीपासून मुलाच्या हाती एक वही द्या आणि रोज एक चित्र तारीख घालून काढायला लावा. कॅलेंडरवरच्या देवांची नक्कल नको. तापीचा राजघाट, असीरगडची तटबंदी, मागावर वाकलेला बाप, केळीचे घड वाहणारी माणसे काढू द्या. परीक्षकाला नकलेपेक्षा पाहिलेले चित्र लगेच कळते. गाणाऱ्या मुलाने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा क्रमाने देत जावे.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या मुलांना वाटते की घरच्या मराठीने हिंदी बिघडते आणि हिंदीने मराठी. मुलाखतीत ती दोन्हीकडे संकोचतात. वास्तविक दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पदवीनंतर प्रवेश मिळतो, नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो आणि हिंदी येणे आवश्यक असते. आमच्या मुलाला हिंदी शाळेने दिली आणि मराठी आईने. दोन भाषांत संवाद म्हणता येणे ही नटाची पुंजी आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी परीक्षेत आजवर जी १३ भाषांची माध्यमे ठेवली गेली त्यांत मराठी आहे, आणि भाषा-विषय म्हणूनही मराठी घेता आली आहे. अर्जातील तो रकाना घाईने भरू नका. विषय हिंदीतून शिकलेल्या मुलाने माध्यम हिंदी ठेवणेच शहाणपणाचे. पण आपल्या विद्यापीठाला चालत असेल तर भाषा-विषय मराठी निवडावा.

शेवटची गोष्ट कागदांची. मूल निवासी, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला बारावीची परीक्षा देण्यापूर्वीच लोकसेवा केंद्रातून काढून ठेवा. नावाचे स्पेलिंग अंकसूची आणि आधार यांवर एकच आहे का ते पाहा. मराठी आडनाव हिंदी शाळेत गेले की त्याचे दोन-तीन अवतार होतात, आणि ऐनवेळी त्यापायी अर्ज अडतो.

ती मुलगी आज इंदूरला चित्रकला शिकते आहे. मुंबईचा अर्ज तिने बाहेरची म्हणूनच भरला होता; तेथे नंबर लागला नाही. सुट्टीत ती गावी आली तेव्हा तिच्या वहीत आजीची चित्रे होती, आणि प्रत्येक चित्राखाली मराठीत दोन ओळी लिहिलेल्या होत्या. तिच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे: बाई, रकान्यात तू बाहेरची असशील, भाषेत नाहीस. पुढच्या वर्षी ज्यांची मुले बारावीला आहेत त्यांनी जुलैची वाट न पाहता आत्ताच शाळेत यावे. अर्ज भरायला आम्ही सोबत बसू.