पिशवीचे तोंड आणि कारखान्याचे दार

पिरंगुट, भरे, उरवडे हा मुळशीचा कारखान्यांचा पट्टा. शाळेत पालकसभेला आलेल्या एखाद्या अम्मीला विचारावे, काम काय करता, तर उत्तर येते, "पॅकिंगला जाते." या पॅकिंगचा बराच भाग म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीचे तोंड उष्णतेने बंद करणे. घरीही हे चालतेच. रमजानमध्ये खजुराची पाकिटे, विकायचा गरम मसाला, पावशेर-पावशेर आंबेमोहर तांदूळ. म्हणून या महिन्यात सीलिंग मशीनविषयी.

पूर्वी करवतीच्या पात्याशी पिशवीची कड धरून मेणबत्तीवरून फिरवत. जमले तर जमले, नाही तर पिशवीला भोक. कारण साधे आहे. पॉलिथीन साधारण ११० अंश सेल्सिअसला वितळते आणि ज्योत त्याहून कितीतरी तापलेली असते. प्लास्टिक म्हणजे शेवयांसारख्या गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या. वितळल्यावर एका थरातल्या साखळ्या दुसऱ्या थरात शिरतात आणि दाबाखाली थंड झाल्या की दोन्ही थर एक होतात. मध्ये गोंद नसतो. चिप्सच्या पाकिटात बाहेरचा थर बऱ्याचदा पॉलिएस्टरचा असतो. त्याला वितळायला जवळजवळ २५० अंश लागतात, म्हणून तो तसाच राहतो आणि आतलाच थर चिकटतो.

घरच्या मशीनमध्ये निक्रोमची पट्टी असते, तिच्यावर टेफ्लॉनची टेप. दांडा दाबला की क्षणभरच वीज वाहते. दिवा विझताच दांडा उचलू नये, दोन-तीन सेकंद दाबून ठेवावा. बहुतेक सील सुटतात ते इथल्या घाईमुळे. दुसरे कारण कडेला लागलेली मसाल्याची पूड किंवा तेल. कुरबानीच्या गोश्तची पाकिटे करताना कड कोरडी पुसून घ्यावी, नाही तर फ्रीजरमध्ये पाणी गळून सगळे एकमेकांना चिकटते. टेप काळी पडली की बदलावी, महाग नसते.

मसाला बांधताना फार तर बोट भाजेल. पण पिशवीत दुसरे काही असले की हिशेब बदलतो. ७ जून २०२१ रोजी उरवड्याच्या एका कारखान्यात आग लागून १७ कामगार गेले. त्यांत बहुतेक बायका होत्या. तिथे पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारे क्लोरीन डायऑक्साइड तयार होई. प्लास्टिकमध्ये पॅकिंग चालू असताना आग लागली आणि धुरात अनेकींना बाहेरची वाट सापडली नाही, असे अग्निशमन अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. ठिणगी कशाची, हा आमचा विषय नाही. अशी रसायने आगीला जोर देतात. त्यांच्याजवळ तापलेली पट्टी, वितळते प्लास्टिक आणि पुठ्ठ्यांचे ढीग असावेत का, हा प्रश्न आहे.

नव्या कामाला जाताना आपण पगार विचारतो, गाडीची वेळ विचारतो. पिशवीत काय भरायचे आहे, हेही विचारावे. त्या पिंपावर ज्वालेचे चिन्ह आहे का, ते बघावे. वर्तुळावर ज्वाला असेल तर तो माल आग भडकवणारा. मग दुसरे दार कुठे आहे आणि कामाच्या वेळात ते उघडे असते का, हे पाहावे. विचारायला संकोच वाटत असेल तर पहिल्या दिवशी भाऊ किंवा शौहर यांनी सोबत जावे. दाराला कुलूप दिसले तर तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.