भाकर, पण कशाची?

सुरतेत कुठल्याही गुजराती खानावळीत 'भाखरी' मागा, गव्हाची येईल. जाड, खुसखुशीत, वरून तूप. ज्वारी-बाजरीची हवी असेल तर 'रोटलो' म्हणावं लागतं. महाराष्ट्रातून नवीन आलेल्या माणसाची या शब्दावरून एकदा तरी फजिती होते आणि सगळे हसतात. ज्याला सीलिअ‍ॅक आहे त्याला मात्र हा विनोद परवडत नाही. मला सीलिअ‍ॅक आहे, म्हणून हा लेख.

सीलिअ‍ॅक म्हणजे डाएटचं फॅड नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या अनेकांना तो आपल्याला आहे हे माहीतच नसतं. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. जन्मभर ग्लुटेन टाळायचं, एवढाच उपचार.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. अन्न हेच औषध असेल तर चवीला चैन म्हणता येत नाही. कडू गोळी पाण्याबरोबर गिळता येते, पण बेचव न्याहारी रोज कशी गिळणार? असा ब्रेड चार दिवस निग्रहाने खाल्ला जातो. पाचव्या दिवशी मित्रांच्या घोळक्यात 'एका वडापावाने काय होतंय' असं वाटायला लागतं. आणि होतं. पोट दुखलं नाही तरी आतड्याचं नुकसान होतच असतं. म्हणून दुकानात मिळणारा ग्लुटेन-फ्री ब्रेड निदान खाण्याजोगा असावा, ही मागणी मी लाडात येऊन करत नाहीये.

तो ब्रेड सध्या कसा असतो ते सांगते. मोठ्या सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये किंवा ऑनलाइन मिळतो. स्लाइस लहान, किंमत साध्या ब्रेडच्या कितीतरी पट. थंड खाल्ला तर तोंडात भुगा होतो. चटणी लावायला घेतली की मधूनच तुटतो. चांगला कडक भाजला तरच जमतो. यात बेकरीवाल्यांचा आळस नाही. कणीक मळली की ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते, यीस्टमुळे सुटणारा वायू त्या जाळीत अडकतो आणि पाव फुगतो. जाळीच नसेल तर वायू निसटून जातो. मग तांदळाचं पीठ, टॅपिओकाचा किंवा बटाट्याचा स्टार्च घ्यायचा आणि बांधून ठेवायला झँथन गम नाहीतर इसबगोल घालायचं. स्टार्च थंड झाला की लवकर कडक होतो, त्यातून तो कोरडेपणा येतो. गंमत म्हणजे जगात सर्वात जास्त इसबगोल भारत पुरवतो आणि त्याची मोठी बाजारपेठ आपल्याच गुजरातेत, उंझ्याला आहे. परदेशातल्या ग्लुटेन-फ्री पावाला धरून ठेवणारा पदार्थ इथून जातो आणि सुरतेत आम्ही एका मऊ स्लाइससाठी दुकानं पालथी घालतो.

दुसरी अडचण लेबलांची. पुढे मोठ्या अक्षरांत 'नाचणी', 'बाजरी', 'मल्टीग्रेन' आणि मागे घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं. मैदा, रवा, दलिया ही नावं वेगळी, धान्य एकच. डबीतल्या बांधीव हिंगातसुद्धा बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे बेसनाचा पदार्थही आपोआप सुरक्षित ठरत नाही. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. तेव्हा पुढचं चित्र सोडायचं आणि हा शब्द शोधायचा. साहित्याच्या वर्गात सर 'क्लोज रीडिंग' म्हणतात ते मी कवितेआधी बिस्किटांच्या पुड्यांवर शिकले.

'मग सरळ भाकरीच खा की!' हा सल्ला मला प्रत्येक मावशीने दिलाय. सल्ला चांगलाच आहे. लिंबायत-उधन्याच्या खानदेशी घरांत कळण्याची भाकरी होते, आमच्याकडे वसईची तांदळाची रोटी. घरी मी तेच खाते. पण गिरणीत आपल्या आधी कुणाचे गहू दळले असतील तर ते ज्वारीच्या पिठात उतरतात, म्हणून आम्हाला घरघंटी घ्यावी लागली. तवा वेगळा, पोळपाट वेगळा. आणि भाकरी आपोआप होत नाही, ती कुणीतरी थापायची असते. बहुतेक घरांत ते हात आईचे असतात. होस्टेलवरच्या मुलाने काय करायचं? परीक्षेच्या दिवशी, प्रवासात, आई आजारी असताना काय करायचं? 'घरचं खा' म्हणताना घरी कोण करणार हे सहसा विचारलं जात नाही. दुकानातला बरा ब्रेड म्हणजे त्या हातांना एखाद्या सकाळची सुट्टी.

सुरत पावाला नवखी नाही. नानपुऱ्यातल्या दोटीवाला बेकरीबद्दल असं सांगतात की डचांनी इथे आपल्या वखारीच्या लोकांसाठी भट्टी घातली आणि पुढे ती एका पारशी कारागिराच्या हाती आली. तेव्हाचा पाव ताडीने फुगवत. गव्हाच्या पावामुळे सीलिअ‍ॅकचे रोगी आजारी पडतात हे दाखवून दिलं तेही एका डच माणसानेच. विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ. गव्हाबद्दल त्यांना आधीपासून शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा, ती बळावली आणि १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला.

ताडीने फक्त गहूच फुगतो असंही नाही. गोव्यात तांदळाच्या वाटणात सूर, म्हणजे ताडीच, घालून सान्नां वाफवतात. ती चांगली जाळीदार होतात. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा ताडी राहू दे. पण सुरतेचा इदडा बघा. तांदूळ आणि उडदाची डाळ भिजवायची, वाटायची, रात्रभर आंबवायची आणि वाफवायची. यात ग्लुटेन अजिबात नाही. उडदाचा चिकटपणाच वायू धरून ठेवतो. मध्ये हिरवी चटणी घालून त्याचाच सँडविच ढोकळा करतात. म्हणजे गव्हाशिवाय मऊ, हलकं, चटणी लावली तरी न तुटणारं काहीतरी बनवण्याची कला इथल्या फरसाणवाल्यांच्या हातात आधीपासून आहे.

म्हणून मला वाटतं, ग्लुटेन-फ्री ब्रेडवाल्यांनी गव्हाच्या ब्रेडची नक्कल करणं सोडावं. पांढरी चौकोनी स्लाइस बनवायचा हट्ट धरला की ती कायम गव्हाच्या स्लाइसपुढे हरणार. तांदूळ-उडीद आंबवून केलेली, ज्वारीची चव न लपवणारी लादी बनवा. वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या जागी करा, तपासून घ्या आणि पाकिटावर तसं लिहा. ती ब्रेडसारखी लागली नाही तरी चालेल, चांगली लागली पाहिजे. गिऱ्हाईक फक्त सीलिअ‍ॅकवालेच असतील असंही नाही. चांगला इदडा कोण सोडतो?

कॅथलिक म्हणून माझ्यापुढे आणखी एक प्रश्न होता. मराठी मिस्सेत आपण 'भाकर' हाच शब्द वापरतो, पण ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच हवी असा चर्चचा नियम आहे. २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये व्हॅटिकनने पत्र काढून हे स्पष्ट केलं. ग्लुटेन पूर्णपणे काढून टाकलेली भाकर चालत नाही. अगदी कमी ग्लुटेनची, पण गव्हाचीच, चालते. आणि तीही सोसत नसेल त्याला नुसत्या द्राक्षारसातून ख्रिस्तप्रसाद घेता येतो. दारूबंदीच्या कायद्यातही धर्मविधीच्या द्राक्षारसाची सोय आहे. मिस्सेत फादर मुख्य चषकात भाकरीचा छोटा तुकडा टाकतात, म्हणून माझ्यासाठी एक वेगळा लहान चषक ठेवलेला असतो. आधी सांगावं लागतं, एवढंच.

माझ्या काही मैत्रिणींना हा नियम कठोर वाटतो. गव्हाऐवजी तांदूळ चालवला तर काय बिघडलं, असं त्या विचारतात. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. चर्चला नियम हलवता येणार नव्हता, तरी 'तू बाजूला बस' असं कुणी म्हटलं नाही, वेगळी वाट काढली. कॉलेजच्या कॅन्टीनला तर गव्हाचा असा कुठलाही नियम आड येत नाही. तरी मी काय खाऊ शकते असं विचारलं की उत्तर येतं, 'चहा आहे ना.'

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांनाही समोसे आणि बिस्किटं असतात. मी डबा आणते आणि कोपऱ्यात उघडते. मला कुणी हाकललेलं नाही, पण माझा डबा उघडला की गप्पांचा विषय बदलतो आणि पुढची दहा मिनिटं मी माझ्या आतड्यांवर व्याख्यान देते. ते व्याख्यान आता इथे छापून झालं आहे. तेव्हा पुढच्या बैठकीला एवढं करा: बिनहिंगाचा इदडा मागवा, आधी दुकानदाराला त्यात रवा नाही ना हे विचारून घ्या आणि तो समोशांपासून वेगळ्या ताटात, वेगळ्या चमच्यासह ठेवा. मग सगळ्यांनी मिळून खाऊ आणि पुस्तकांवर बोलू.