पांढऱ्या कोळशाचा हिशेब

जलविद्युत म्हणजे निर्मळ वीज, हे समीकरण आपल्या विचारविश्वात इतके खोलवर रुजलेले आहे की त्याची उलटतपासणी करणाऱ्यास विकासाचा वैरी ठरविण्यात येते. धबधब्याला 'पांढरा कोळसा' म्हणण्याची रीत जुनीच आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा वादाचा विषय जमीन आणि भरपाई हा होता. विजेच्या निर्मळपणाविषयी तेव्हा कोणालाच शंका नव्हती. ती शंका शास्त्रज्ञांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उपस्थित केली आहे आणि ती रास्त आहे. मात्र तिचे उत्तर ज्या गणिती प्रतिमानांनी दिले जात आहे, त्यांच्यासंबंधी आपल्या चळवळीत दोन्ही बाजूंनी जो भाबडेपणा दिसतो, त्यावर चार कडू शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

निमित्त एका पत्रकाचे आहे. आपले एक तरुण कार्यकर्ते ते घेऊन बेसा येथील माझ्या घरी आले होते. भारतातील धरणांमधून दरवर्षी ३ कोटी ३५ लाख टन मिथेन बाहेर पडतो, सबब जलविद्युत ही कोळशाइतकीच घातक आहे, असा त्याचा आशय होता आणि खाली अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून माझी सही हवी होती. मी ती नाकारली. "सर, आकडा तर आपल्या बाजूचा आहे," असे ते दुखावल्या स्वरात म्हणाले. आकड्याला बाजू असते, या समजुतीशीच माझे भांडण आहे.

आधी मूळ प्रक्रिया समजून घेऊ. धरण भरते तेव्हा झाडे, मुळे, गवत आणि सुपीक मातीचा थर पाण्याखाली जातो. उष्ण प्रदेशात पृष्ठभागावरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड पाणी तळाशी कोंडले जाते आणि त्यातील प्राणवायू संपतो. तेथे जे सूक्ष्मजीव उरतात ते सेंद्रिय द्रव्य कुजवून मिथेन निर्माण करतात. त्यातील काही वर येताना अन्य जीवाणू फस्त करतात, काही उथळ भागात बुडबुड्यांवाटे थेट हवेत जातो आणि काही खोल पाण्यात विरघळून राहतो. हे खोलचे पाणी जनित्राच्या चक्रातून बाहेर पडले की त्यावरचा दाब एकदम उतरतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसा वायू उसळून निघतो. म्हणजे धरणाच्या भिंतीमागे निर्माण झालेला वायू भिंतीच्या पुढे, अवजलात आणि खालच्या नदीपात्रात सुटतो. जो अभ्यासक फक्त तलावाच्या पृष्ठभागावर मोजमाप करतो, त्याच्या नजरेतून हा भाग निसटतो.

याच मुद्द्यावर ब्राझीलमध्ये मोठा वाद झाला. मानौस येथील संशोधक फिलिप फर्नसाइड यांनी कुरुआ-उना या छोट्या धरणाचा हिशेब मांडून दाखविले की १९९० साली, म्हणजे ते भरल्यानंतर तेरा वर्षांनी, तितकीच वीज खनिज तेलापासून निर्माण केली असती तर जेवढे उत्सर्जन झाले असते त्याच्या ३.६ पट ते होते. त्यांच्या मांडणीवर टीका करणाऱ्यांत अग्रणी होते लुईस पिंगेली रोझा. ते नामांकित अभियंता-प्राध्यापक होते खरेच. पण ते २००३-०४ मध्ये एलेत्रोब्रास या सरकारी वीज कंपनीचे अध्यक्षही होते. दोघांकडे गणित होते, दोघांकडे मोजमापेही होती. फरक होता तो कोणता भाग वहीत धरायचा आणि कोणता वगळायचा, यात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट नवी नाही.

आता पत्रकातील तो आकडा. इवान लिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. मूठभर, मुख्यतः ब्राझीलमधील जलाशयांवरची मोजमापे घेऊन ती जगभरच्या मोठ्या धरणांना लावून त्यांनी हा अंदाज काढला होता. भारताने सर्व स्रोत मिळून जाहीर केलेला मिथेन वर्षाला सुमारे दोन कोटी टनांचा आहे. गुरे, भातशेती, कचरा, कोळसाखाणी सारे त्यात आले. एकट्या धरणांनी त्याच्या दीडपटीहून अधिक वायू सोडावा, हे पचनी पडण्याजोगे नाही. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी देशातील आठ जलाशयांत प्रत्यक्ष उतरून मिथेन मोजला आणि आपले निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. तळाशी वायूचे प्रमाण मोठे आढळले, पृष्ठभागावर मात्र अल्प. आणि त्यांचा देशव्यापी अंदाज लिमांच्या अंदाजाच्या कितीतरी खाली आला. अमेझॉनचे घनदाट जंगल बुडविणारी धरणे आणि दख्खनच्या पठारावरची, पावसाळ्यात गढूळ पाण्याने ढवळून निघणारी धरणे यांना एकच माप लावल्याचा हा परिणाम आहे. आपल्या बाजूचा म्हणून असा आकडा आपण मिरवला, तर उद्या सरकारी अभियंता तो एका वाक्यात खोडून काढील आणि त्यासोबत धरणग्रस्तांची खरी गाऱ्हाणीही फेकून देईल.

परंतु याचा अर्थ दुसऱ्या बाजूची वही चोख आहे, असा मुळीच नाही. ती तपासण्यासाठी आपल्या दारातलाच जलाशय घेऊ. पेंच नदीवरील तोतलाडोह प्रकल्पाची क्षमता १६० मेगावॅट. नागपूरच्या नळाला येणारे पाणीही मोठ्या अंशी पेंचचेच. जलाशयाचा विस्तार ढोबळमानाने पंचाहत्तर चौरस किलोमीटर, म्हणजे साडेसात हजार हेक्टर, धरू. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २०१९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत जुन्या जलाशयांसाठी दर दिलेले आहेत: दमट उष्ण कटिबंधात हेक्टरी वर्षाला सुमारे १४१ किलो मिथेन, कोरड्या उष्ण कटिबंधात सुमारे २८४ किलो. दोन्हींतील सीमारेषा आहे वार्षिक हजार मिलिमीटर पावसाची, आणि नागपूरची सरासरी त्या रेषेपासून फार दूर नाही! दमट दर धरला, मिथेनची तापविण्याची शक्ती शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या २७ पट मानली, तर उत्तर येते वर्षाला सुमारे २८-२९ हजार टन. कोरडा दर धरला आणि वीस वर्षांचा हिशेब करून ८१ पट मानली, तर तेच उत्तर १ लाख ७२ हजार टनांवर जाते. पाण्यात एकही बाटली न बुडविता, केवळ दोन कोष्टकांतील रकाने बदलून आपण सहापट फरक निर्माण केला. हा फरक निसर्गाचा नव्हे, वही लिहिणाऱ्याच्या निवडीचा आहे. शंभर वर्षांचा हिशेब करावा की वीस वर्षांचा, हा प्रश्न व्याजदराच्या प्रश्नासारखाच आहे: आजच्या पिढीच्या झळा किती स्वस्त मानायच्या, याचा तो निर्णय आहे आणि तो राजकीय आहे.

याच तोतलाडोहवर विस्थापित आदिवासींपैकी ३०५ कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिल्याचा वाद १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्यांच्या जाळ्यांचा आणि पायवाटांचा राष्ट्रीय उद्यानावर किती भार पडेल, याची कसोशीने चर्चा झाली. पाण्याखाली गेलेल्या जंगलाचा भार मात्र कोणत्याही वादीप्रतिवादीच्या वहीत नव्हता.

निकषांच्या मनमानीचे याहून ठळक उदाहरण कोयनेचे आहे. क्योतो करारान्वये प्रदूषण-पतपत्रांची जी यंत्रणा उभी राहिली, तिच्या कार्यकारी मंडळाने २००६ मध्ये एक सोपा नियम केला. प्रकल्पाची वीजक्षमता भागिले बुडीत क्षेत्र; भागाकार चौरस मीटरला ४ वॅटपेक्षा कमी असेल तर प्रकल्प अपात्र, ४ ते १० असेल तर ठराविक उत्सर्जन गृहीत, आणि १० च्या वर असेल तर उत्सर्जन शून्य मानायचे. कोयनेने या यंत्रणेकडे अर्ज केला की नाही, हा येथे प्रश्न नाही. नियम लावून पाहू. शिवसागर जलाशय सुमारे ११५ चौरस किलोमीटरचा. चौथा टप्पा येण्यापूर्वीची क्षमता ९६० मेगावॅट, भागाकार ८ च्या थोडा वर. १९९९-२००० मध्ये चौथा टप्पा आला, हजार मेगावॅटची भर पडली आणि भागाकार झाला १७. पाणी तेच, बुडालेली शेते तीच, तळाचा गाळ तोच. केवळ संध्याकाळच्या मागणीसाठी अधिक जनित्रे बसविल्याने कागदावरचा मिथेन नाहीसा झाला! (तोतलाडोहचा भागाकार जेमतेम २ येतो. ज्या जलाशयाला आपण निर्मळ म्हणतो, तो या ढिल्या नियमानेही अपात्र ठरला असता.)

तो नियम आता मागे पडला. त्याच्या जागी अधिक सफाईदार प्रतिमाने आली आहेत. आंतरराष्ट्रीय जलविद्युत संघटना आणि युनेस्कोचे एक अध्यासन यांनी २०१७ मध्ये 'जी-रेस' नावाचे प्रतिमान पुढे आणले. जगभरातील दोनशेहून अधिक जलाशयांची मोजमापे त्यामागे आहेत. ते थोतांड आहे असे मी म्हणणार नाही. पण जलविद्युत संघटना ही या धंद्याचीच संघटना आहे, हे विसरून चालणार नाही. या प्रतिमानात 'निव्वळ' उत्सर्जन काढतात: धरणानंतरच्या वायूतून धरणापूर्वीच्या जमिनीचा वायू वजा होतो, उरलेला वीज, सिंचन, पूरनियंत्रण अशा उपयोगांत वाटला जातो, आणि वरून वाहून येणाऱ्या मानवी सांडपाण्यामुळे जो वायू वाढतो तो 'असंबद्ध मानवी स्रोत' म्हणून वेगळा काढला जातो. धरणाने सांडपाणी निर्माण केले नाही, असा त्यामागील युक्तिवाद आहे.

हा शेवटचा शब्दप्रयोग मी गोसीखुर्दच्या काठावर नेऊन वाचतो. राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेला वैनगंगेवरील हा प्रकल्प. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे स्वप्न, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, आणि साडेतीन दशके रेंगाळलेले कालवे. वीज येथे दुय्यम आहे. भंडारा आणि पवनी भागात या पाण्याची जी अवस्था आहे, ती नागपूरकरांनी अवश्य पाहावी, कारण ती आपली देणगी आहे. आमच्या बेसा-पिपळा परिसरातून वाहणारी पोहरा असो की शहराच्या पोटातून जाणारी नाग आणि पिवळी, या नद्यांचे काळे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तेथून गोसीखुर्दच्या थोपलेल्या पाण्यात जाऊन बसते. त्यावर जलपर्णी माजते. आमच्याकडचे लोक तिला इकॉर्निया म्हणूनच ओळखतात. ती वाढते, मरते, तळाशी जाते, कुजते. आंभोऱ्याला नव्या केबल पुलावरून जो विस्तीर्ण जलपसारा रविवारच्या सहलीत देखणा दिसतो, त्याच्या तळाशी हा कारखाना चालू असतो. नदीत मासे धरून जगणारा ढिवर समाज पाण्याला येणाऱ्या वासाविषयी आणि रिकाम्या जाळ्याविषयी बोलतो. मिथेन हा शब्द त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

आणि येथेच सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. २०१९ च्या त्याच मार्गदर्शिकेत पाण्याच्या पोषणस्थितीनुसार दर बदलण्याची तरतूद आहे. निर्मळ, पोषणद्रव्ये कमी असलेल्या जलाशयासाठी गुणक ०.७, पोषणद्रव्यांनी भरलेल्यासाठी १०, अतिभारितासाठी २५. म्हणजे एकाच आकाराच्या, एकाच हवामानातील दोन तलावांत सांडपाण्यामुळे चौदापट अंतर पडू शकते. ब्रिजेट डीमर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जगातील २६७ जलाशयांचा आढावा घेतला, तेव्हाही अक्षांशापेक्षा पाण्यातील शेवाळाचे प्रमाण हेच मिथेनचे अधिक विश्वसनीय गमक ठरले. मग जो घटक सर्वांत प्रबळ, त्यालाच 'असंबद्ध' म्हणून धरणाच्या खात्यातून काढायचे? वाहत्या नदीत तेच सांडपाणी हवेशी मिसळत गेले असते. त्याला साठवून, तळाशी निजवून, मिथेनमध्ये रूपांतरित होण्याची सोय धरणाने केली. उलट शहराने आपल्या वहीत हे पाणी नाल्यात सोडले एवढीच नोंद केली, तर तलावात होणारा वायू शहराच्याही नावावर पडत नाही. दोन वह्यांच्या मधल्या फटीत तो नाहीसा होतो आणि त्याचा वास तेवढा पवनीच्या वाट्याला उरतो.

या सर्व विवेचनाचा उपयोग कोळशाच्या वकिलांनी करू नये, म्हणून एक प्रमाण सांगून ठेवतो. तोतलाडोहचा वरील हिशेबातला किमान वार्षिक आकडा कोराडीचा ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दोन दिवसांत ओलांडतो. कमाल आकड्याला त्याला बारा दिवस लागतात. कोराडीत असे तीन संच आहेत, आणि आणखी दोघांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. धरणांच्या मिथेनचा बागुलबुवा दाखवून ती राख आमच्या माथी मारण्यास माझा विरोध राहील. त्या तरुण मित्राला मी हेच समजावले. ते पुरते पटले असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले नाही.

तेव्हा नवे पत्रक काढायचेच असेल, तर मागणी आकड्याची नव्हे, मोजणीची असावी. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाने गोसीखुर्दच्या पाण्यातील प्राणवायू, शेवाळ आणि मिथेन यांची मोजणी उन्हाळा, पावसाळा व हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत, भिंतीच्या मागे आणि पुढेही, करवून घ्यावी व ती मराठीत प्रसिद्ध करावी. नीरीसारखी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून नागपुरात आहे. तज्ज्ञ परदेशातून आणावे लागणार नाहीत. नमुने गोळा करण्यासाठी डोंगे ढिवरांचे घ्यावेत आणि त्यांना मजुरी द्यावी. पाणी कोठे कधी बुडबुडते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. गाळपेर जमीन कसणाऱ्या धरणग्रस्तांच्या नावावर त्या काठच्या गवताचा वायू मांडला जाणार नाही, अशी लेखी हमी घ्यावी. आणि नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी मंजूर झालेले एकोणीसशे कोटींवरचे रुपये खर्च होत असताना, वैनगंगेत प्रत्यक्ष किती घाण कमी पोचली याचा दर तिमाहीचा तक्ता पवनीच्या तहसील कचेरीत लावावा. अशा पत्रकावर मी सही करीन. मसुदा घेऊन त्यांनी पुन्हा यावे, असा निरोप मी पाठविला आहे.