१८ टक्के, पण कशाचे?

सोलापुरावर पावसाळ्यात ढग येतात, पण पाऊस येतोच असे नाही. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत असलेल्या सोलापूर जिल्ह्याची सरासरी साडेपाचशेच्या आसपास आहे, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरच्या भरवशावर. अशा गावात ‘कृत्रिम पाऊस’ हे शब्द केवळ कुतूहलाचे राहत नाहीत, त्यांस आशेचा वास येतो. म्हणूनच ते सांभाळून वापरले पाहिजेत असे आम्हांस वाटते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात मेघबीजनाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि वृत्तपत्रांतून एक आकडा घरोघरी पोहोचला : पावसात १८ टक्के वाढ. ज्याने त्याने तो आपापल्या परीने ऐकला. सोलापूरचा पाऊस १८ टक्क्यांनी वाढवता येतो, असाच अर्थ बहुतेकांनी घेतला असावा. आकडा खरा आहे, हा अर्थ मात्र खरा नाही.

आधी प्रयोग समजून घेऊ. ढगातले पाण्याचे कण इतके सूक्ष्म असतात की ते हवेत तरंगत राहतात. ते एकमेकांवर आदळून मोठे झाले तरच खाली येतात. सारे कण सारखेच बारीक असले की ही टक्करच घडत नाही. कॅल्शियम क्लोराइडसारखे ओलावा शोषणारे क्षार ढगाच्या तळाशी सोडले तर त्यांभोवती काही मोठे थेंब तयार होतात आणि पुढचे काम ते थेंब करतात. म्हणजे बीज पेरायचे तर ढग आधी असावा लागतो, तोही वाढता आणि पाणीदार. निरभ्र आकाशातून विमान पाऊस काढू शकत नाही, आणि ज्या वर्षी ढगच नाहीत त्या वर्षी ही विद्या निरुपयोगी ठरते.

सोलापूरच्या प्रयोगाचे खरे मोल मात्र विमानात किंवा क्षारात नाही. २७६ ढग निवडले गेले, त्यांतल्या कोणत्यात बीज पेरायचे आणि कोणते तसेच सोडायचे हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे, ठरवले गेले. आणि सोडून दिलेल्या ढगांचेही मोजमाप झाले. बेडकाची धोंडी काढणाऱ्या पोरांनंतरही कधी कधी पाऊस पडतो. धोंडी आणि विज्ञान यांतला फरक यंत्रसामग्रीचा नसून न केलेल्या गोष्टीचा हिशेब ठेवण्याचा आहे. महाराष्ट्रात ही शिस्त नवी नाही. याच संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे बारामती भागात मिठाचे बीजन करून पाहिले होते आणि २४ टक्के वाढ नोंदवली होती.

याउलट २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने केलेल्या मोहिमा दुष्काळनिवारणासाठी होत्या. दुष्काळात हाती आलेला ढग तुलनेसाठी मोकळा सोडा, असे कोणता मंत्री म्हणेल? ते समजण्यासारखे आहे. पण मग नंतर पडलेला पाऊस विमानामुळे पडला की आपसूक, याचे उत्तर कोणापाशीच उरत नाही.

आता तो आकडा. संस्थेचे म्हणणे असे, की योग्य परिस्थितीत काही ठिकाणी सुमारे ४६ टक्के, आणि बीजनाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ होऊ शकते. सोलापूर जिल्हा जवळजवळ १५ हजार चौरस किलोमीटरांचा आहे. समजा, एखाद्या सरीचा पाऊस १० मिलिमीटर होता, त्याचे ११.८ झाले. १०० चौरस किलोमीटरांवर हे जादा पाणी १८ कोटी लिटर भरते. दहा हजार लिटरचा एक, असे १८ हजार टँकर! ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतील. पण ११७ टीएमसीचे उजनी धरण भरायचे तर अशा अठरा हजारांहून अधिक सरी लागतील, आणि त्यांचा प्रत्येक थेंब धरणातच पोहोचावा लागेल. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. कोणता सांगायचा हे सांगणाऱ्याच्या हेतूवर ठरते, आणि विज्ञानलेखनाची खरी कसोटी इथेच लागते.

हे पाणी निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. रब्बीच्या पेरणीआधी मालदांडीच्या रानात मुरलेल्या दोन मिलिमीटरांचे मोल शेतकऱ्यास ठाऊक असते. मेघबीजनाने दुष्काळ हटत नाही, पाण्याची गरज अंशतः भागू शकते, असे खुद्द संशोधकांनीही सांगितले आहे. आमची तक्रार आहे ती हे वाक्य गाळून आकडा तेवढा पुढे नेणाऱ्यांविषयी. इस्रायलने कित्येक दशके मेघबीजन चालवले. नव्या यादृच्छिक प्रयोगात लक्षणीय वाढ दिसेना, तेव्हा तो कार्यक्रम थांबवला. आपल्या लाडक्या उपायाविरुद्ध लागलेला निकाल स्वीकारण्याचे हे धैर्य वाचकांतही रुजले पाहिजे.

सामान्य वाचकासाठी विज्ञान सोपे करावे, हे खरेच. पण सोपे करणे म्हणजे अटी गाळणे नव्हे. टक्के दिसले की ‘कशाचे?’, वाढ दिसली की ‘कशाच्या तुलनेत?’, यश दिसले की ‘न केलेल्याचे काय झाले?’ असे तीन प्रश्न दहावीच्या मुलालाही विचारता येतात. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात तलाव खोदवला, तो पडलेले पाणी धरून ठेवण्यासाठी. आभाळातून १८ टक्के अधिक मागण्यापूर्वी जमिनीवर पडलेल्या शंभर टक्क्यांचे आपण काय करतो, हा चौथा प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी विमान लागत नाही.